पिकअपचं साल

"मॉडेल कुठलं?" जुना पिकअप बघायला गेलेल्या माणसाचा पहिला प्रश्न हाच असतो. "सोळाचं मॉडेल, बारा पासिंग," म्हणजे २०१६ ची, पुण्यात (एमएच-१२) नोंदलेली गाडी, असं उत्तर येतं आणि निम्मा सौदा तिथेच ठरतो. पण सालाला इतकं वजन कधी आलं? एके काळी ते गाडीचं वय सांगायचं, त्यापलीकडे फारसं काही नाही.

छोट्या मालवाहू गाडीला आपण 'टेम्पो' म्हणतो ते एका कंपनीच्या नावावरून. १९५८ मध्ये फिरोदियांनी बजाज टेम्पो काढली, जर्मन बनावटीची तीनचाकी इथे तयार होऊ लागली आणि पुढे मॅटाडोर आली. तो परवान्यांचा काळ. गाडीसाठी नंबर लावून बसावं लागे, तेव्हा तिच्यात सुधारणा करण्याची घाई कुणाला असणार? पाच वर्षांच्या अंतराने घेतलेल्या दोन गाड्यांचे बहुतेक पार्ट एकमेकींना बसायचे. साल विचारायचं ते भाव पाडायला. खरी परीक्षा डोळ्यांनी आणि कानांनी व्हायची: धूर काळा की निळा, चॅसिसला कुठे वेल्डिंग, पाटे बसलेत का, हौद्याचा पत्रा कुठे कुजलाय.

अमेरिकेत सालाची कथा वेगळी आहे. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोनने १९२० च्या दशकात दरवर्षी नवं रूप आणण्याची पद्धत रुजवली. जुनी गाडी जुनी वाटली पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. तिथे पुढच्या वर्षाचं मॉडेल आदल्या वर्षीच शोरूममध्ये येतं, त्यामुळे 'मॉडेल वर्ष' आणि कॅलेंडरचं वर्ष वेगळं पडतं. १९८१ पासून तिथे सतरा अक्षरांचा चॅसिस नंबर ठरला आणि त्यातलं दहावं अक्षर वर्षाचं झालं. ग्राहकांकडून बिघाडांची माहिती गोळा करून ती सालवार छापण्याची रीतही तिथलीच. 'अमुक साल घ्या, तमुक टाळा' ही भाषा त्यातून आली.

त्या भाषेचं ठळक उदाहरण म्हणजे फोर्डचे डिझेल पिकअप. १९९४ पासून चाललेलं ७.३ लिटरचं इंजिन दणकट म्हणून नावाजलं गेलं. धुराचे नियम आवळले गेले आणि २००३ मध्ये त्याच्या जागी ६.० लिटरचं आलं. ईजीआर कूलर (इंजिनात परत वळवलेला धूर थंड करणारा भाग) आणि हेड गॅस्केट (इंजिनाच्या डोक्याखालचं सील) यांच्या तक्रारींनी ते बदनाम झालं, पिकअपमध्ये २००७ च्या मॉडेलपर्यंतच टिकलं. गंमत अशी की २००३ च्या मॉडेलमध्ये दोन्ही इंजिनं सापडतात. म्हणजे गाडीची जात ठरवली ती कायद्याने, आणि नेमक्या बदलाच्या वर्षात नुसतं साल विचारून भागेना.

आपल्याकडेही पुढे हेच झालं. २००० मध्ये देशभर प्रदूषणाचे युरोपीय धर्तीचे नियम लागू झाले, २००५ मध्ये त्यांचा पुढचा टप्पा बीएस-२ (बीएस म्हणजे भारत स्टेज), २०१० मध्ये बीएस-३. याच काळात पिकअपचा बाजार फुगला. मे २००५ मध्ये टाटा एस आली, आपला 'छोटा हाथी': ७०२ सीसी, दोन सिलिंडर, म्हणजे जवळपास इंडिकाचं अर्धं इंजिन. मोठ्या भाराला बोलेरो पिकअप होताच. सुरुवातीच्या या गाड्यांचा डिझेल पंप यांत्रिक होता. गावातला मिस्त्री तो खोलायचा, नोझल साफ करून परत बसवायचा. नियम कडक होत गेले तसा बऱ्याच गाड्यांत कॉमन रेल आला, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाचं डिझेल. हजार बारच्या वर दाब, इंजेक्टर संगणकाच्या हुकमावर उघडणार. धूर कमी झाला, ओढ वाढली. पण रॉकेल मिसळलेलं डिझेल जुना पंप खोकत का होईना पचवत असे. नव्या इंजेक्टरला ते चालेना, आणि तो बदलायचा खर्च ऐकून मालक खाली बसायचा.

खरा गोंधळ २०१० ते २०१७ मधला. १ एप्रिल २०१० पासून बीएस-४ लागू झालं ते फक्त तेरा ठिकाणी. त्यांत मुंबई आणि पुणे होते, आणि चक्क सोलापूर! बाकी महाराष्ट्र तेव्हा बीएस-३ वर. त्यामुळे २०१२ च्या दिसायला सारख्या दोन पिकअपांपैकी पुणे पासिंगचा बीएस-४ आणि सांगली पासिंगचा बीएस-३ असू शकतो. शिवाय डिझेलही दोन प्रकारचं: बीएस-४ च्या डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत ५० भाग, बीएस-३ च्या डिझेलमध्ये ३५०. पुण्यात घेतलेली गाडी भाजी आणायला जिल्ह्याबाहेर गेली की तिथल्या पंपावर दुसरंच इंधन पोटात घेणार. 'बीएस-४ च्या गाड्या सुरुवातीला त्रास द्यायच्या' असं मिस्त्री सांगतात तेव्हा सगळा दोष गाडीचाच होता असं मला वाटत नाही.

मग आला मार्च २०१७. सर्वोच्च न्यायालयाने २९ तारखेला सांगितलं की १ एप्रिलपासून बीएस-३ गाडी विकायची नाही, नोंदवायचीही नाही. ३१ मार्चपर्यंत विक्री झाल्याचा पुरावा असेल तेवढीच सूट. देशभरात सव्वाआठ लाखांच्या आसपास गाड्या पडून होत्या, त्यातल्या बहुतेक दुचाक्या, पण मालवाहू आणि प्रवासी मिळून व्यापारी गाड्याही लाखाच्या जवळ. दोन दिवस सवलतींची झुंबड उडाली. म्हणून आज 'सतराचं मॉडेल' म्हणून समोर येणारा पिकअप प्रत्यक्षात २०१६ मध्ये बनलेला, यार्डात उभा राहिलेला आणि मार्चअखेर घाईने पासिंग झालेला असू शकतो. आरसीवर उत्पादनाचा महिना-वर्ष वेगळा असतो, तो वाचायचा. बऱ्याच कंपन्यांच्या चॅसिस नंबरात दहावं अक्षर इथेही वर्षाचंच: 'जी' म्हणजे २०१६, 'एच' म्हणजे २०१७, आणि 'आय' वगळून २०१८ ला 'जे'.

बाजारात 'शेवटचं बीएस-३' म्हणून या गाड्यांना मागणी राहिली. कारण समजतं: जुन्या धाटणीचं इंजिन गावातला मिस्त्री खोलू शकतो. पण त्या मागणीपायी दीड टनाच्या गाडीत सात-आठ वर्षं तीन टन कांदा वाहिलेली चॅसिस दुर्लक्षित होते, आणि तिला कुठलंही साल वाचवत नाही.

१ एप्रिल २०२० ला तेच नाटक पुन्हा घडलं, या वेळी टाळेबंदीत. बीएस-४ चा उरलेला साठा काढायला न्यायालयाने आधी थोडी मुभा दिली आणि जुलैमध्ये तो आदेश मागे घेतला. ३१ मार्चपर्यंत सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर नोंद न झालेल्या गाड्या अडकल्या. तेव्हा त्या वसंतातला बीएस-४ पिकअप कुणी दाखवला, तर नोंदीची तारीख आधी बघावी, इंजिन नंतर.

बीएस-६ ने पुन्हा जात बदलली. डिझेलमधलं गंधक १० भागांवर आलं आणि सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, बसली. काही गाड्यांत धूर स्वच्छ करायला युरियाची टाकीही आली. अडकलेली काजळी जाळायला सायलेन्सर चांगला तापावा लागतो. हायवेला सलग तास-दोन तास चालणाऱ्या गाडीत ते आपोआप होतं. मार्केट यार्ड ते दुकान अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत जाळी चोक होते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. आता हे पिकअप पाच-सहा वर्षांचे होऊन जुन्या बाजारात उतरू लागलेत. त्यांच्या मालकाला सालाच्या आधी एक गोष्ट विचारायला हवी: गाडी लांबच्या भाड्याला होती की गावातल्या गावात?