केबल टाकणाऱ्याचा परवाना पाहा, मगच छत बंद करू द्या

विजेचं काम करायला वायरमन आला की लोक त्याचा परवाना विचारतात. टेलिफोन, इंटरनेट किंवा सीसीटीव्हीच्या केबल टाकायला आलेल्या माणसाला मात्र कुणी विचारत नाही. ‘यात कुठे करंट असतो?’ असा समज असतो. तो खरा नाही.

साध्या टेलिफोनच्या तारेतही घंटी वाजताना ७५ ते ९० व्होल्ट एसी असतो. नेटवर्क केबलमधूनच उपकरणाला वीज देण्याचं मानक २००३ मध्ये आलं, तेव्हा एका पोर्टमधून १५.४ वॅट मिळत. २०१८ च्या मानकात हा आकडा ९० वॅटपर्यंत गेला. अशी एखादी केबल फारशी तापत नाही. पण शंभरेक केबल एकत्र आवळून बांधल्या की मधल्या केबलींची उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. फायबरमध्ये, म्हणजे प्रकाशाने संदेश नेणाऱ्या काचेच्या तारेत, करंट नसतो, पण त्यातला १३१० किंवा १५५० नॅनोमीटरचा लेझर डोळ्यांना दिसत नाही. तुटलेल्या फायबरच्या टोकात कधीही डोकावू नका.

परवान्याचे नियम जागेगणिक बदलतात. अमेरिकेत ते राज्यं ठरवतात: मिनेसोटात ‘पॉवर लिमिटेड टेक्निशियन’ हा (कमी शक्तीच्या विजेच्या कामांचा) परवाना माणसाच्या नावावर मिळतो, तर कॅलिफोर्नियात ९१ व्होल्टपर्यंतच्या कामांसाठी ठेकेदाराला सी-७ परवाना लागतो. ऑस्ट्रेलियात टेलिकॉम नेटवर्कला जोडणारं केबलिंग नोंदणीकृत केबलरनेच करायचं, आणि किरकोळ कामं सोडली तर शेवटी टीसीए-१ हा सही केलेला फॉर्म ग्राहकाला द्यायचा. आम्हीही केबल टाकण्याचंच काम करतो आणि ही पद्धत आम्हाला मनापासून पटते, कारण काम कुणी केलं याचा कागद ग्राहकाच्या हातात राहतो.

तो कागद नसला की काय होतं, ते आम्ही पाहिलं आहे. एका ऑफिसात नेटवर्क सारखं तुटायचं. छताची एक टाइल सरकवली, तर नेटवर्क केबल मेन्सच्या (मुख्य विजेच्या) वायरीला एकाच टायने बांधलेल्या. पलीकडे आग अडवण्यासाठी बांधलेल्या भिंतीला हात जाईल एवढं भोक पाडून तसंच उघडं सोडलेलं. आग लागली असती तर धूर तिथूनच पुढच्या खोलीत गेला असता. जुन्या बिलावर परवाना क्रमांक नव्हता, त्यामुळे जाब विचारायचा कुणाला?

म्हणून कोटेशनवरच परवाना क्रमांक मागा आणि तो देणाऱ्या सरकारी खात्याकडे पडताळून घ्या: मुदत संपलेली नाही ना, आणि वर्ग याच कामाचा आहे ना. फर्मचा परवाना असला तरी शिडीवर चढलेला माणूस कोण, तेही विचारा. तो शिकाऊ असेल तर देखरेखीला परवानाधारक हजर हवा. परवाना म्हणजे इंटरनेटच्या वेगाची हमी नव्हे. पण काम चुकलं तर तक्रार ऐकणारं आणि परवाना काढून घेऊ शकणारं कुणीतरी वर असतं.

आमचा क्रमांक प्रत्येक कोटेशनवर आणि बिलावर छापलेला असतो. छताच्या टाइल्स बसवण्याआधी आम्ही आपल्याला काम पाहायला बोलावू. यायला जमलं नाही तर प्रत्येक भोकाचा, बुजवण्याआधीचा आणि नंतरचा, फोटो पाठवू.