लिक्विड लाइट गाइड: तपासणी आणि निगा

फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपवर चित्र मंद दिसू लागलं की पहिला संशय दिव्यावर जातो. महागडा बल्ब मागवला जातो, बसवला जातो, आणि चित्र तसंच राहतं. म्हणून बल्बची ऑर्डर देण्याआधी एक पाहा: सगळे रंग सारखेच मंद झालेत का? डॅपी (अतिनील प्रकाशाने निळा चमकणारा रंग) फिका पडलाय आणि टेक्सास रेड (लाल चमकणारा रंग) मात्र पूर्वीसारखाच दिसतोय, तर आधी लाइट गाइड, म्हणजे दिव्याचा प्रकाश मायक्रोस्कोपपर्यंत नेणारी नळी, तपासा. अतिनील प्रकाशाच्या माऱ्याने नळीतला द्रव वापरागणिक पिवळसर होत जातो, आणि पिवळा द्रव सर्वात आधी अतिनील आणि निळा प्रकाशच शोषतो.

या नळीत काचतंतूंचा जुडगा नसतो. आत पारदर्शक द्रव आणि दोन्ही टोकांना क्वार्ट्झच्या काचा. तंतूंमधल्या फटी नसल्यामुळे प्रकाश जास्त पोचतो. पण द्रव एकदा खराब झाला की दुरुस्ती नाही, गाइड बदलावाच लागतो.

तपासणीसाठी दिवा बंद करून पूर्ण थंड होऊ द्या आणि गाइड दोन्हीकडून काढा. एक टोक ट्यूबलाइटकडे धरा, दुसऱ्या टोकातून पाहा. स्वच्छ पांढरं वर्तुळ दिसायला हवं. पिवळी झाक, काळे डाग किंवा नळी तिरकी केल्यावर सरकणारा बुडबुडा दिसला तर आम्हाला कळवा. काचेजवळचा बुडबुडा लहान असला तरी बराच प्रकाश अडवतो. <strong>दिवा चालू असताना टोकात कधीही डोकावू नका, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.</strong>

काचेवर बोट लागलंच तर तसंच बसवू नका. दिव्याच्या उष्णतेने तो ठसा काचेवर भाजून बसतो आणि मग निघता निघत नाही. लेन्स पेपरवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घेऊन हलक्या हाताने पुसा. गाइड खोबणीत शेवटपर्यंत सरकवा, अर्धवट राहिला तर प्रकाश वाया जातो.

नळी टेबलामागे दाबून, कोपऱ्यात मुडपून ठेवू नका. मोठं वेटोळं करा. किती वाकवता येतो ते माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. बऱ्याच गाइडना ३५ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता मानवत नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या आमच्या ग्राहकांना कळकळीची विनंती: मे महिन्यात सुटा गाइड बिनएसीच्या स्टोअररूममध्ये किंवा बंद गाडीत ठेवू नका. द्रव गळताना दिसला तर हातमोजे घालून पुसा आणि गाइड वापरातून काढा.

पॉवर मीटर (प्रकाशाची शक्ती मोजणारं यंत्र) असेल तर नवा गाइड बसवल्याच दिवशी ऑब्जेक्टिव्हखालचं (नमुन्याजवळच्या भिंगाखालचं) रीडिंग घेऊन वहीत लिहा, शेजारी दिव्याचे तासही, म्हणजे पुढे तुलना करता येईल. अनेक गाइडचं आयुष्य साधारण ४,००० तासांचं धरतात. अतिनील जास्त वापरत असाल तर ते आधीच संपू शकतं.

नवा गाइड मागवताना आतला व्यास (३, ५ किंवा ८ मिमी), लांबी आणि दोन्ही टोकांचे फोटो पाठवा. अडॅप्टर जुळतोय का, हे आम्ही माल पाठवण्याआधीच पाहून सांगतो.