पेटंट-ट्रेडमार्कचा अर्ज नंबर

पेटंट नाहीतर ट्रेडमार्कचा अर्ज भरला की लगेच पडतो तो अर्ज नंबर, पुढची सगळी विचारपूस त्याच्यावरच चालते. आपल्या खान्देशात नंबर पडला की लोक "पेटंट भेटलं" म्हणून पेढे वाटतात, पण तो नुसता रांगेतला टोकन असतो.

पेटंटचा नंबर जानेवारी २०१६ पासून १२ आकडी झाला. समजा यावलच्या कोणी केळीचं खोड फाडायचं मशीन काढलं आणि त्याच्या अर्जाचा नंबर २०२३२१ ने सुरू होतो, तर पहिले चार आकडे वर्षाचे, मग २ म्हणजे मुंबई ऑफिस (१ दिल्ली, ३ कोलकाता, ४ चेन्नई), मग १ म्हणजे साधा अर्ज, तिथं ७ असला तर पीसीटीतून, म्हणजे बऱ्याच देशांसाठी एकत्र करायच्या आंतरराष्ट्रीय अर्जातून आलेला. उरलेले सहा आकडे म्हणजे चारही ऑफिसांचा मिळून एकच अनुक्रम. अर्ज साधारण १८ महिन्यांनी पेटंट ऑफिसच्या शुक्रवारच्या जर्नलमध्ये येतो, तोवर बाहेरच्याला त्यातलं काही वाचता येत नाही. तपासणीची मागणी वेगळी करावी लागते, ती मुदतीत केली नाही तर अर्ज मागे घेतला असंच धरतात, आणि बरेच जण इथंच झोपतात. पेटंट मंजूर झालं की त्याला दुसराच नंबर पडतो, २० वर्षं मात्र अर्जाच्या तारखेपासूनच मोजायची.

ट्रेडमार्कच्या नंबरात ना वर्ष ना शहर, देशभराचा एकच चालू आकडा, आणि नोंदणी झाल्यावरही नंबर तोच राहतो. सोबत क्लास, म्हणजे माल नाहीतर सेवेचा गट बघायचा, एकूण ४५ आहेत. ताजी केळी ३१ मध्ये, केळीचे वेफर्स २९ मध्ये, काळा मसाला ३० मध्ये, म्हणजे एकाच दुकानदाराला तीन क्लासची फी!

ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर हा नंबर टाकला की स्टेटस दिसतं. "ऑब्जेक्टेड" वाचून माणसं घाबरतात, पण तो फक्त परीक्षकाचा आक्षेप असतो, रिपोर्ट हाती आल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यायचं. "ॲक्सेप्टेड अँड ॲडव्हर्टाइज्ड", म्हणजे अर्ज मान्य होऊन जर्नलमध्ये जाहीर झाला, असं आलं की ४ महिने कोणीही विरोध करू शकतो. विरोध आला नाही की "रजिस्टर्ड", १० वर्षांसाठी, पुढं रिन्यू. पाकिटावर गोलातला आर तेव्हाच छापायचा, त्याआधी टीएम चालतं. नोंदणी नसताना आर छापलं तर कायद्यानं दंड बसतो.