शब्दांच्या जन्मतारखा: जुन्या नियतकालिकांतून इंग्रजीत आलेले शब्द

बहुतेक शब्दांची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसते. नियतकालिकातून आलेल्या शब्दांचे तसे नसते. प्रत्येक अंकावर तारीख असते, पान क्रमांक असतो, आणि पुढच्या अंकात कुणीतरी त्या शब्दावर हरकत घेतलेली असते किंवा तो उचललेला असतो. म्हणून ‘फोकलोअर’ (लोकपरंपरा) हा शब्द २२ ऑगस्ट १८४६ च्या ‘अथेनियम’ साप्ताहिकात विल्यम थॉम्स यांनी टोपणनावाने लिहिलेल्या पत्रात आला, असे ठामपणे सांगता येते.

‘मॅगझिन’ या शब्दाचेच पाहा. मूळ अरबी शब्दाचा अर्थ कोठारे; आपला ‘खजिना’ त्याच धातूचा. इंग्रजीत तो फ्रेंचमार्गे आला आणि दारूगोळ्याच्या किंवा मालाच्या कोठारासाठी वापरात होता. १७३१ मध्ये लंडनच्या एडवर्ड केव्ह यांनी इतर पत्रांतला निवडक मजकूर एकत्र करून ‘जंटलमन्स मॅगझिन’ हे मासिक काढले. ते इतके खपले की नावातला ‘मॅगझिन’ हा भाग त्या जातीच्या सगळ्याच प्रकाशनांचे नाव होऊन बसला. सॅम्युएल जॉन्सन यांनी उमेदवारीच्या काळात केव्ह यांच्याकडे काम केले होते. त्यांनी १७५५ च्या आपल्या शब्दकोशात या नव्या अर्थाची नोंद करताना केव्ह यांच्या मासिकाचा उल्लेख केला आहे.

विज्ञानातल्या शब्दांची कहाणी जास्त गुंतागुंतीची आहे, कारण तिथे शब्द मुद्दाम घडवले जातात आणि त्यांची चिरफाडही होते. मार्च १८३४ च्या ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’त मेरी सोमरव्हिल यांच्या ग्रंथाचे एक परीक्षण आले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्यावर लेखकाचे नाव नव्हते. लिहिणारे होते केंब्रिजचे विल्यम ह्युएल. विज्ञानाच्या शाखा एकमेकींपासून दुरावत आहेत आणि त्या सगळ्यांत काम करणाऱ्यांना मिळून एक नावही नाही, अशी त्यांची तक्रार होती. ‘फिलॉसॉफर’ फार व्यापक, फ्रेंच ‘साव्हां’ परका. मग एका कल्पक गृहस्थांनी ‘आर्टिस्ट’च्या धर्तीवर ‘सायंटिस्ट’ सुचवला, पण तो फारसा कुणाला रुचला नाही, असे त्यांनी लिहिले. ते गृहस्थ ते स्वतःच होते. १८४० मध्ये त्यांनी आपल्या ग्रंथात हाच शब्द उघडपणे मांडला. तरीही ब्रिटनमध्ये तो रुळायला अनेक दशके लागली. १८९४ मध्ये ‘सायन्स गॉसिप’ या नियतकालिकाने नामवंतांची मते मागवली, तेव्हा थॉमस हक्सले यांनी तो धुडकावून लावला. अमेरिकेत मात्र तो आधीच रूढ झाला होता.

याच ह्युएल यांनी मायकेल फॅरडे यांना दिलेली मदत तारखांच्या दृष्टीने फार बोलकी आहे. विजेने द्रावणाचे विघटन होते तेव्हा वीज जिथून आत शिरते आणि जिथून बाहेर पडते, त्या दोन पृष्ठभागांना फॅरडे यांना आपल्या निबंधात नावे हवी होती. ‘ध्रुव’ हा रूढ शब्द त्यांना खटकत होता, कारण त्यातून आकर्षणाची कल्पना डोकावते आणि तीच त्यांना अमान्य होती. त्यांच्या मनात ‘आयसोड’ आणि ‘एक्सोड’ अशी नावे होती. ह्युएल यांनी एप्रिल १८३४ मध्ये पत्राने ‘अॅनोड’ आणि ‘कॅथोड’ सुचवले: ग्रीकमध्ये वर जाण्याची वाट आणि खाली जाण्याची वाट. मे महिन्यात द्रावणातल्या विद्युतभारित कणांसाठी ‘आयन’ आला. फॅरडे यांचा हा निबंध रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये छापला गेला. त्यावर रॉयल सोसायटीत वाचन झाल्याच्या तारखा आहेत जानेवारी आणि फेब्रुवारी १८३४ च्या. म्हणजे निबंध वाचून झाल्यावर, छपाईच्या टप्प्यावर, हे शब्द आत आले. केवळ वाचनाची तारीख पाहणारा माणूस त्यांचा जन्म तीन महिने मागे नेऊन ठेवतो.

जन्मानंतर शब्दाची दुरुस्तीही नियतकालिकांतच होते. १९१२ मध्ये कासिमीर फंक यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात ‘व्हायटामाइन’ हा शब्द वापरला. बेरीबेरी हा आजार रोखणारा तांदळाच्या कोंड्यातला घटक ‘अमाइन’ जातीचा, म्हणजे नायट्रोजनयुक्त संयुगांच्या एका गटातला, असावा, अशी त्यांची समजूत होती. पुढे असे अनेक घटक सापडले आणि ते सगळेच अमाइन नव्हते. तोवर शब्द मात्र तोंडात बसला होता. १९२० मध्ये जॅक ड्रमंड यांनी ‘बायोकेमिकल जर्नल’मधल्या छोट्याशा टिपणात तोडगा सुचवला: शेवटचे ‘ई’ हे अक्षर गाळा. रासायनिक नामकरणाच्या नियमानुसार ‘आइन’ हा प्रत्यय अमाइनसाठी राखीव होता, तर रचना अज्ञात असलेल्या पदार्थाला ‘इन’ चालत होता. ‘चरबीत विरघळणारा ए’, ‘पाण्यात विरघळणारा बी’ ही लांबलचक नावे सोडून सरळ व्हिटॅमिन ए, बी, सी म्हणावे, हीही त्यांचीच सूचना. एका अक्षराने रूढ शब्द आणि रसायनशास्त्र दोन्ही सांभाळले. इतकी नेटकी दुरुस्ती मला तरी दुसरी माहीत नाही.

सामान्य वाचकांच्या नियतकालिकांत शब्दाचा अर्थच घसरतो. ‘कार्टून’ म्हणजे भित्तिचित्रासाठी जाड कागदावर काढलेला पूर्ण आकाराचा आराखडा. १८४३ मध्ये नव्या संसदभवनासाठी अशा आराखड्यांचे प्रदर्शन वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये भरले. त्याच जुलैत ‘पंच’ साप्ताहिकाने जॉन लीच यांचे, चित्रे पाहायला आलेल्या उपाशी गरिबांचे चित्र ‘कार्टून क्रमांक १’ म्हणून छापले. सरकार भाकरीऐवजी चित्रे देते, हा त्यातला टोला होता. व्यंगचित्र हा अर्थ तिथून चिकटला.

‘ओके’ पसरला तो कात्रणांमुळे. ‘ऑल करेक्ट’ या शब्दांच्या मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगमधली ही आद्याक्षरे २३ मार्च १८३९ च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये छापली गेली. १७९२ च्या कायद्याने अमेरिकी संपादकांना एकमेकांना टपालाने फुकट अंक पाठवता येत. एका गावचे विनोद दुसऱ्या गावच्या पत्रात जसेच्या तसे उतरत. पुढच्याच वर्षी निवडणुकीत अमेरिकेचे अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्या समर्थकांनी त्यांच्या ‘ओल्ड किंडरहुक’ या टोपणनावासाठी तीच अक्षरे वापरली. अशाच आद्याक्षरांची तेव्हा लाट होती. बाकीची विसरली गेली, हे निवडणुकीमुळे टिकले.

असे शोध आज संगणकावर करता येतात, पण तिथे खड्डेही ठरलेले आहेत. १८०० पर्यंतच्या छपाईत ‘एस’चे एक लांब रूप असे, यंत्र ते ‘एफ’ वाचते, म्हणून असा शब्द दोन्ही तऱ्हांनी शोधावा. अरुंद स्तंभात शब्द ओळीच्या शेवटी तुटतो, तेव्हा त्याचे दोन्ही तुकडे वेगवेगळे शोधावे. डिजिटल ग्रंथालये पुष्कळदा सगळ्या खंडांना नियतकालिकाच्या पहिल्या वर्षाची तारीख लावतात. १७३१ साली सुरू झालेल्या मासिकाच्या १८६० च्या खंडातला शब्द मग सव्वाशे वर्षे जुना दिसतो. उपाय एकच: पानाची प्रतिमा उघडून अंकाचे शीर्षक स्वतः वाचणे. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे जानेवारी ते मार्चमधल्या तारखेवर आधीचे वर्ष छापलेले असू शकते. बांधणी करताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने अनेकदा काढून टाकली जात, त्यामुळे जाहिरातीत जन्मलेला शब्द खंडात सापडतच नाही. नोंद करताना तारीख, खंड, अंक, पान, स्तंभ आणि पूर्ण वाक्य लिहावे. नुसता शब्द टिपला तर ‘कार्टून’ आराखड्याच्या अर्थाने आला की व्यंगचित्राच्या, हे नंतर कळत नाही.

अर्थाची ही तपासणी ‘फोटॉन’च्या बाबतीत फारच आवश्यक ठरते. भौतिकशास्त्रज्ञांना हा शब्द गिल्बर्ट लुईस यांच्या ‘नेचर’मधल्या १८ डिसेंबर १९२६ च्या पत्रातून मिळाला. पण त्याआधी दहा वर्षे लिओनार्ड ट्रोलंड यांनी डोळ्याच्या पडद्यावरील प्रकाशमानाच्या एककासाठी तोच शब्द वापरला होता. ते एकक आता ‘ट्रोलंड’ म्हणून ओळखले जाते. लुईस यांचा फोटॉनसुद्धा आजचा नव्हे. तो कधीही निर्माण किंवा नष्ट न होणारा कण आहे, असे ते मानत. तो सिद्धांत टिकला नाही. प्रकाशाच्या क्वांटमसाठी, म्हणजे प्रकाश-ऊर्जेच्या अविभाज्य पुडक्यासाठी, नाव तेवढे घेतले गेले.