ओव्हनच्या दारातली जाळी

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळींच्या ग्रुपवर अधूनमधून फिरणारा दावा: मायक्रोवेव्हच्या दारातून आतला उजेड दिसतो, म्हणजे जाळीतून लहरीही बाहेर येतात.

शंका रास्त आहे. पण ओव्हनच्या मागच्या लेबलवर बहुधा २४५० मेगाहर्ट्झ लिहिलेलं असतं, ही लहरींची वारंवारता. प्रकाशाच्या वेगाला त्याने भागलं की तरंगलांबी येते सुमारे १२ सेंटीमीटर. आता जाळीचं भोक पट्टीने मोजा: जेमतेम एक-दोन मिलिमीटर. असं भोक म्हणजे चिमुकला वेव्हगाइडच, म्हणजे लहरी वाहून नेणारी धातूची नळी. गोल वेव्हगाइडमधून व्यासाच्या साधारण १.७ पटीपेक्षा लांब लहर पुढे जात नाही, शिरताच विरते. प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान, ती सहज निसटते.

फोन आत ठेवून रिंग वाजते का बघणं ही कसोटी नव्हे. फोनला अगदी क्षीण सिग्नलही पुरतो. बघायचंच तर दाराची कड, बिजागरी आणि खटका बघा. दार वाकलेलं असेल तर मात्र दुरुस्तीपर्यंत ओव्हन बंदच ठेवा.