आर्किजिन्नासिओ: बोलोन्याच्या जुन्या विद्यापीठवास्तूची पार्श्वभूमी

इटलीतल्या बोलोन्याचे विद्यापीठ कितीही जुने असले, तरी त्याला कित्येक शतके स्वतःची इमारत नव्हती. वर्ग गावभर विखुरलेले, बरेचसे भाड्याच्या जागेत. हा पसारा एका छपराखाली, आणि अर्थातच नजरेखाली, यावा म्हणून पोप चौथा पायस याच्या कारकिर्दीत अंतोनियो मोरांदी ऊर्फ तेर्रिबीलिया याने ही वास्तू बांधली. मार्च १५६२ मध्ये काम सुरू झाले आणि २१ ऑक्टोबर १५६३ ला उद्घाटन. शेजारचे सान पेत्रोनिओ चर्च रोमच्या सेंट पीटरपेक्षा मोठे होऊ नये म्हणूनच पोपने वाट अडवली, असे गावात सांगतात. ते अर्धेच पटते. वर्गांची गरजही खरी होती.

कायद्याच्या आणि वैद्यक-तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांचे जिने वेगळे. भिंतींवर सुमारे ६००० कुलचिन्हे आहेत. त्यांतली बरीचशी विद्यार्थ्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींची, त्यामुळे कोण कुठून शिकायला आला, हे भिंतीच सांगतात.

शरीररचनेचे लाकडी सभागृह १६३७ चे, अंतोनियो लेवांती याचे. मधोमध संगमरवरी टेबल, भोवती चढत्या ओळींची बाके. शवविच्छेदन हिवाळ्यात करत, कारण उष्म्यात प्रेत टिकत नसे. व्याख्यात्याच्या आसनावरचे छत पेलणारे कातडी सोललेले दोन लाकडी पुतळे एर्कोले लेल्ली याचे (१७३४).

भिंतीतल्या वैद्यांच्या पुतळ्यांत हातात नाक धरलेला ताल्याकोत्सी शोधाच. तुटलेल्या नाकावर तो दंडाची कातडी बसवी. ती मुळाशी दंडाला जोडलेलीच ठेवून हात काही आठवडे डोक्याशी बांधी. नव्या जागी रक्तपुरवठा सुरू होण्याआधी कापली, तर कातडी मरते. भारतातल्या रीतीप्रमाणे कपाळाची कातडी खाली नाकावर वळवली की हात बांधावा लागत नाही. नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानावर पुण्याजवळ झालेल्या अशा शस्त्रक्रियेचे वर्णन १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात छापून आले.

१८०३ मध्ये विद्यापीठ पालाझ्झो पोज्जी या वाड्यात गेले. इथे आधी प्राथमिक शाळा भरली, १८३८ पासून नगर ग्रंथालय आले. १८४२ मध्ये संगीतकार रोस्सिनीच्या 'स्ताबात मातेर' या धार्मिक गायनरचनेचा इटलीतला पहिला प्रयोग दुसरा संगीतकार दोनित्सेत्ती याच्या संचालनाखाली इथल्याच दालनात झाला. दालनाला तेच नाव चिकटले.

२९ जानेवारी १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात शरीररचनेचे सभागृह कोसळले. ढिगाऱ्यातून वेचलेले मूळ तुकडे वापरून ते पुन्हा उभारले, म्हणून तिथले सगळेच लाकूड सतराव्या शतकातले समजू नये. स्ताबात मातेर दालनात आजही व्याख्याने, मैफली होतात. कार्यक्रम असेल त्या वेळी ते पाहायला मिळेलच असे नाही, तेव्हा आधी चौकशी करावी.