‘वेर्दे’ आणि ‘रोझा’: खरं अविकारी कोण?

इटालियन रंगांपैकी ‘रोस्सो’ (लाल) मराठी माणसाला लगेच जमतो. हिरवा, हिरवी, हिरव्या असं आपण बोलतोच; तसंच हे रोस्सो, रोस्सा, रोस्सी, रोस्से. गोंधळ होतो तो ‘वेर्दे’ (हिरवा) आणि ‘रोझा’ (गुलाबी) यांच्यात. इटालियनमध्ये पुस्तक, म्हणजे ‘लीब्रो’, पुल्लिंगी आणि दार, म्हणजे ‘पोर्ता’, स्त्रीलिंगी. तरी लीब्रो वेर्दे, पोर्ता वेर्दे. लीब्रो रोझा, पोर्ता रोझा. लिंग बदललं, विशेषण तसंच. मग आपण दोन्ही शब्द आपल्या ‘लाल’सारखे अविकारी धरून चालतो.

फरक कळतो अनेकवचनात. लीब्री वेर्दी, पोर्ते वेर्दी. ‘वेर्दे’, ‘ग्रांदे’ (मोठा), ‘फेलीचे’ (आनंदी) ही एकारान्त विशेषणं लिंगाकडे बघत नाहीत, वचनाकडे मात्र बघतात. मराठीत असा मधला वर्गच नाही, म्हणून आपला पाय नेमका इथे घसरतो. ‘रोझा’ मात्र खरोखर अविकारी: लीब्री रोझा, पोर्ते रोझा. ‘पोर्ते रोझे’ चूक. ‘रोझे’ म्हणजे गुलाबाची फुलं.

कारणही त्या फुलातच आहे. आपण गुलाबाला ‘ई’ लावून गुलाबी हे विशेषण घडवलं. इटालियनने फुलाचं नावच रंगासाठी वापरलं. ‘व्हिओला’ (जांभळा) हेही फुलाचंच नाव, तेही बदलत नाही. ‘ब्लू’, ‘बेज’ फ्रेंचमधून आले आणि तसेच राहिले. रंगांबाहेर ‘पारी’ (सम) आणि ‘दिस्पारी’ (विषम) हे संख्यांचे शब्दही याच गटातले. ‘मार्रोने’ (तपकिरी) मुळात चेस्टनटचं नाव, पण त्याचं ‘मार्रोनी’ हे अनेकवचनही आता रुळलंय; दोन्ही रूपं चालतात.

मला सर्वांत आवडणारी गोष्ट पुढेच आहे. हिरवे डोळे म्हणजे ‘ओक्की वेर्दी’. पण फिकट हिरवे डोळे? ‘ओक्की वेर्दे क्यारो’. रंगाला छटा जोडली की ‘वेर्दे’सुद्धा गोठतो, वचनाकडेही बघत नाही. अनेकवचन मनात पक्कं बसवलेला विद्यार्थी इथे हमखास ‘वेर्दी’ म्हणतो.

सरावासाठी इटलीची क्रीडापानं उत्तम. जीरो द’इतालिया या सायकल शर्यतीत आघाडीवीराला १९३१ पासून मिळणारी जर्सी ‘माल्या रोझा’. अशा अनेक जर्सी म्हणजे ‘माल्ये रोझा’. फुटबॉलमध्ये मिलान क्लबचे खेळाडू ‘रोस्सोनेरी’ (लाल-काळे), इंटर क्लबचे ‘नेराद्झुर्री’ (काळे-निळे), सगळे नीट अनेकवचनात. फिओरेंतीनाचे मात्र नुसतेच ‘व्हिओला’. आणि गुलाबी-काळ्या पालेर्मोचे बहुधा ‘रोझानेरो’: एरवी निमूटपणे ‘नेरी’ होणारा ‘नेरो’ (काळा) ‘रोझा’च्या मागे लागला की तोही बदलायचा थांबतो.